आधी सांगा, बंद काय केलंत?

रामबागेतल्या एका घरी मागच्या उन्हाळ्यात मी छाती थोपटायला शिकवायला गेले होते. मी फिजिओथेरपिस्ट. लहान मुलांच्या छातीचं काम करते, त्यामुळे इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत माझी ओळख ‘मालिशवाल्या ताई’ अशीच आहे. आधी राग यायचा, आता हाक मारली की ओ देते. मुलगा 6 वर्षांचा, वजन 14 किलो. आई नेब्युलायझरची वाटी उकळत होती आणि आजी पाटावर बसून काळ्या दगडाच्या खलात काहीतरी घोटत होत्या. वाकून पाहिलं, तर पाचक रसाची कॅप्सूल फोडून आतले राजगिऱ्याएवढे दाणे. त्यांची बारीक पूड, वर मधाचं बोट, मग कोमट दुधात कालवून नातवाला पाजायचं. “आख्खे दाणे घशात अडकतील गं. आणि घोटलं की औषध गुणालाही लवकर येतं,” आजी म्हणाल्या. चार महिने हे असंच चाललं होतं.

त्या दाण्यांवर जे आवरण असतं, त्यावरच त्या औषधाचा सगळा जीव. आतलं लायपेज, म्हणजे स्निग्ध पदार्थ पचवणारा रस, पोटातल्या आम्लात टिकत नाही. आवरण शाबूत असेल तर दाणा आम्ल पार करून लहान आतड्यात पोचतो, तिथे फुटतो आणि जेवणातल्या तुपातेलाला लागू पडतो. लहान मुलाला कॅप्सूल गिळता येत नसेल तर ती उघडून दाणे सफरचंदाच्या आंबटसर गरात घालतात आणि न चावता गिळायला लावतात. दुधात ते भिजत ठेवायचे नाहीत, घोटायचे तर मुळीच नाहीत. म्हणजे चार महिन्यांची महागडी औषधं मधासकट वाया गेली होती. दवाखान्यात ‘जेवणासोबत द्या’ एवढंच सांगितलं होतं. कसं देता, हे कुणी विचारलं नव्हतं. आजींना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. वेखंड, सुंठ, मुरडशेंग, मायफळ, सगळं उगाळून देत त्यांनी तीन मुलं वाढवली. औषध म्हटलं की सहाण किंवा खल, हेच हाताला ठाऊक.

आजार सिस्टिक फायब्रोसिस. आमच्यात त्याला नुसतं सी. एफ. म्हणतात. पेशींच्या कडेला मीठ-पाण्याची ये-जा सांभाळणारं एक प्रथिन या मुलांत नीट बनत नाही. त्याचं जनुक 7 व्या गुणसूत्रावर आहे, ते 1989 मध्ये सापडलं. प्रथिन बिघडलं की शरीरातले पातळ स्राव चिकट होतात. फुप्फुसात डिंकासारखा कफ साचतो, त्यात सुडोमोनाससारखे जंतू ठाण मांडतात. स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात आणि पाचक रस आतड्यात पोचतच नाहीत. दहातल्या आठ-नऊ मुलांची ही गत होते. मूल भरपूर खातं आणि वाळत जातं. शी तेलकट, घाण वासाची, पाण्याने धुतली तरी भांड्याला चिकटणारी. आणि घाम खारट. आई पापा घेते तेव्हा ओठांना मीठ लागतं.

1938 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, ते स्वादुपिंडावरून. घामाची गोष्ट कळली ती एका उन्हाळ्यामुळे. 1948 मध्ये न्यूयॉर्कात उष्णतेची लाट आली आणि गळून जाऊन इस्पितळात येणाऱ्या मुलांत सी. एफ.ची मुलं जास्त आहेत, हे डॉ. पॉल दी सान्त’अग्नेझे यांच्या लक्षात आलं. पुढे 1953 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की या मुलांच्या घामातून मीठ भरमसाट वाहून जातं. आजही निदान घामावरच होतं. घामातलं क्लोराइड लिटरमागे 60 मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरलं की संशय पक्का होतो. ही सगळी हकीगत मी इंदूरच्या वाचकांसमोर मांडते आहे, कारण न्यूयॉर्कची ती लाट आपल्याकडे दर वर्षी चैत्रात येते आणि मृग लागेपर्यंत मुक्काम करते.

आता मुद्द्याकडे. अशा मुलांच्या घरी डॉक्टरी औषधांखेरीज आणखी काय काय चालतं, हा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. 1992 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश लोक काही ना काही वैद्यकाबाहेरचे उपाय करत होते. वाचताना छाती दडपते, पण त्यातला मोठा वाटा प्रार्थनेचा होता. तसंच मोजायचं तर इंदुरात आकडा शंभर टक्क्यांवर जाईल. खजराण्याच्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढून आलेली नाही अशी आजारी मुलाची आई मला अजून भेटायची आहे. तिने ते काढलं म्हणून मुलाचं काहीही बिघडलं नाही. आईला मात्र त्या रात्री झोप लागली असेल. तेव्हा ‘किती टक्के लोक पर्यायी उपचार करतात’ या आकड्यात मला रस नाही. हळदीचं दूध, नवस, सुवर्णप्राशनाचे थेंब, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या आणि शिशाचं भस्म हे सगळं एका पिशवीत घालून टक्केवारी काढली, तर त्या टक्केवारीचं करायचं काय?

वीस-बावीस वर्षं घराघरांत जाऊन माझं मत एवढंच झालं आहे: या मुलांचं नुकसान घरात काय दिलं यापेक्षा उपायाबरोबर काय बंद केलं यामुळे जास्त होतं. आपल्याकडे औषध एकटं येत नाही, पथ्य घेऊन येतं. आणि खोकणाऱ्या मुलाचं पथ्य तर मराठी घराला पाठच असतं. दूध बंद, दही तर नावच काढू नका, केळं बंद, तूप कमी, तळलेलं बंद, गोड बंद, थंड बंद, कारण कफ होतो. भात रात्री नको. उरलं काय? मुगाचं वरण, फुलका आणि दुधीची भाजी. टायफॉइडमधून उठलेल्या आजोबांना हे जेवण चालेल. सी. एफ.च्या मुलाला त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा जास्त उष्मांक लागतात, कधी कधी दीडपट-दुप्पट, कारण खाल्लेलं अर्धं वाया जातं आणि श्वास घेण्यातच बरीच ताकद खर्ची पडते. त्याच्या आहारात साधारण 35 ते 40 टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून यावी असं सांगितलं जातं. थोडक्यात, साय, लोणी, तूप, शेंगदाणे, खोबरं, आणि प्रत्येक घासाबरोबर पाचक रसाची कॅप्सूल. आपण नेमकं तेच ताटातून उचलून घेतो आणि वर म्हणतो, किती औषधं केली, अंगी लागतच नाही.

आयुर्वेदाचा कैवार घेणारे माझे स्नेही यावर चिडतात आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे. ते म्हणतात, हे आयुर्वेद नव्हे, ही स्वयंपाकघरातली ऐकीव बंदी आहे. वाळलेल्या मुलाला शास्त्रात बृंहण सांगितलं आहे, पोसायला सांगितलं आहे, आणि तुपाला आयुर्वेदाइतका मान कुणी दिला? मान्य. पण इथे एक खरी अडचण आहे आणि ती शहाण्या वैद्यालाही चकवते. मुलाची शी तेलकट दिसते, पोट फुगलेलं असतं. वैद्य म्हणतो अग्नी मंद आहे, तूप पचत नाही, तेव्हा आधी दीपन-पाचन करू, म्हणजे भूक आणि पचन वाढवू, तूप मागाहून. त्याच्या शास्त्राप्रमाणे हा विचार सरळ आहे. पण या मुलाचा अग्नी मंद नाही, त्याची नळी बंद आहे. रस तयार होऊन पोचतच नाही. चित्रक आणि हिंग्वष्टक देऊन लायपेज येणार नाही, आणि ते येईपर्यंत तूप थांबवलं तर मूल थांबत नाही, ते आणखी वाळतं. ज्या चिकित्सकाला हा आजार ठाऊक नाही त्याचा सरळ विचारही इथे मुलाच्या मुळावर येतो. हेच ॲलोपॅथीच्या डॉक्टरालाही लागू आहे, त्याकडे येतेच.

मिठाचं तर विचारूच नका. दूध बंद केल्यावर निदान कुणीतरी हळहळतं. मीठ कमी केलं की सगळे कौतुक करतात. टीव्हीवर रोज मीठ कमी खा, मीठ कमी खा. रामबागेतल्या त्या घरी आजोबांना रक्तदाब, म्हणून सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी. मे महिना, पारा चाळिशीच्या वर, दुपारी वीज गेलेली, आणि हा मुलगा घामातून मीठ सांडत बसलेला. अशा मुलांना उन्हाळ्यात अचानक उलट्या, ग्लानी, पोटॅशियम घसरणं असा झटका येतो. लहान बाळांत तर कधी कधी हीच आजाराची पहिली खूण असते, आणि आपल्यासारख्या गरम मुलखात तिच्याकडे जास्तच लक्ष हवं. घरचे म्हणतात ऊन लागलं. लागलंच, पण इतरांना लागतं त्याच्या कितीतरी पट. कांद्याचा रस तळपायाला चोळा, कैरीचं पन्हं द्या. पन्ह्याने फायदा होतो बरं का, पण त्यातल्या मिठाने. एका आईने मला सांगितलं होतं, “ताई, हा लोणच्याच्या फोडी चोरून खातो, मारलं तरी ऐकत नाही.” त्या मुलाच्या जिभेला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

आणखी एक बंदी आहे. तिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. आपल्या शाकाहारी घरांत हे आज ना उद्या कुणीतरी मोबाइलवर वाचतंच. एका घरात वडिलांनी वाचलं, त्या दिवशी देवघराजवळच्या फडताळातली बाटली उचलून बाल्कनीत, चपलांच्या रॅकवर ठेवली. आठवड्याने ती दिसेनाशी झाली आणि जागी पपईच्या एन्झाइमचं सरबत आलं, हिरवा शिक्का असलेलं. केमिस्टने ‘हेच ते, व्हेज’ म्हणून दिलं होतं. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं. अशा सरबतांत पुष्कळदा असणारं डायास्टेज पिष्ट पचवतं. तुपाला हात लावील असं त्यात काही नाही. वडील वाईट नव्हते, सोवळंही फार नव्हतं. त्यांना फसवल्यासारखं वाटलं होतं, एवढंच. पहिल्या दिवशीच कुणी समोर बसवून सांगितलं असतं, की हे डुकराचं आहे, दुसरा तितका खात्रीचा पर्याय नाही आणि याशिवाय मूल वाढणार नाही, तर मला वाटतं त्यांनी दिलं असतं. शाळेत नाक दाबून पाजलेलं कॉडलिव्हर ऑइल आमच्या पिढीला काय झाडाला लागलेलं मिळत होतं?

आता जे दिलं जातं त्याकडे. हळद आपली लाडकी, म्हणून तिची गोष्ट आधी. 2004 मध्ये ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झालं की सी. एफ.चा दोष असलेल्या उंदरांना हळदीतलं कर्क्युमिन दिल्यावर तो दोष बराच सुधारला. बातमी वाऱ्यासारखी पसरली. त्यानंतर दुसऱ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग करून पाहिला, त्यांना तसा परिणाम दिसला नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात जेमतेम उतरतं, ही वेगळीच अडचण. पहिली बातमी आजही फॉरवर्ड होते, दुसरी कुणाला मिळत नाही. लसणाचं तसंच. लसूण सुडोमोनास जंतूंची आपसातली बोलणी बिघडवतो असं प्रयोगशाळेत दिसलं होतं, म्हणून इंग्लंडात लसणाच्या कॅप्सूलची एक छोटी चाचणी झाली. 2010 मध्ये तिचे निष्कर्ष आले, ठळक असा फरक नाही. ही चाचणी मला आवडते. कुणी हसलं नाही, कुणी पूजाही केली नाही, देऊन पाहिलं आणि मोजलं. हळद-लसूण फोडणीत घाला, दुधात घाला, माझी हरकत नाही. दुधात तर जरूर घाला, निदान दूध पोटात जाईल.

भस्मं आणि बिनलेबलाच्या पुड्या यांच्याबाबत मात्र मी इतकी उदार नाही. बॉस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली 70 आयुर्वेदिक उत्पादनं विकत घेऊन तपासली, त्यांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हे 2004 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. दम्याची ‘जडीबुटी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीने मूल आठवड्यात टवटवीत झालं तर आनंदाआधी शंका यावी, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं वैद्यकाला नवी नाहीत. कोविडच्या दिवसांत गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 जणांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद मी सोडवू शकत नाही. पण सी. एफ.च्या काही मुलांचं यकृत आजारानेच दुखावलेलं असतं, म्हणून त्यांच्या आयांना मी काढा ओतून द्यायला सांगते.

शहडोल-झाबुआकडे निमोनियाच्या तान्ह्या बाळांच्या पोटाला तापल्या सळईचे डाग देतात, अशी बातमी आली की आपल्या सुदामानगर-लोकमान्यनगरात चहाबरोबर हळहळ व्यक्त होते. किती अडाणी लोक. आणि त्याच घरात न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-धुपाची धुरी देतात, छातीला कापूर चोळतात. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला आकडी येऊ शकते आणि चिकट कफाने भरलेल्या फुप्फुसाला धूर काय करतो हे सांगायला मी नको. शरद पौर्णिमेला माळव्यात दम्याच्या रोग्यांना औषधी खीर देतात, रात्रभर चांदण्यात बसवून. सी. एफ.च्या मुलाला तिथे नेणारी शिकलेली घरं मला माहीत आहेत. खिरीने काही होत नाही. शेजारी रात्रभर खोकणाऱ्या माणसांचे जंतू मात्र फुकट मिळतात. परदेशात सी. एफ.ची दोन मुलं एकमेकांच्या जवळसुद्धा बसू देत नाहीत, जंतूंची देवाणघेवाण नको म्हणून.

एवढं बोलल्यावर माझे विज्ञानवादी मित्र म्हणतात, मग बंदी घाला. कायदा आहेच की. औषध नियमांच्या अनुसूची जे मध्ये ज्या आजारांवर बरं करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये असं म्हटलं आहे, त्यांत दमा आहे आणि आनुवंशिक विकारही आहेत. जाहिरातींवरचा जादुई उपायांचा कायदा तर 1954 चा. ते कायदे पाळले जावेत, याबद्दल दुमत नाही. पण आजीच्या खलावर कोणता निरीक्षक धाड घालणार? आणि लोक तिकडे का जातात, याचं उत्तर कायद्यात नाही.

ते उत्तर आमच्या बाजूच्या रांगेत आहे. रामबागेतला मुलगा दीड वर्षाचा असताना त्याला टी.बी. ठरवून सहा महिने टी.बी.ची औषधं दिली गेली. मग पुन्हा एकदा दिली. मग दमा ठरला. नाव घेत नाही, घेऊनही उपयोग नाही, कारण ही एका दवाखान्याची गोष्ट नव्हे. सी. एफ. हा गोऱ्यांचा आजार, भारतात नसतो, असं आमच्या पिढीच्या कितीतरी डॉक्टरांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. खरं तर ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या मुलांत 10 ते 12 हजारांत एक आणि अमेरिकेत 40 हजारांत एक असे अंदाज मांडले गेले आहेत. म्हणजे दुर्मीळ, पण नाही असं नाही. घामाची तपासणी गल्लोगल्ली होत नाही. या कुटुंबाला दिल्ली गाठावी लागली. दुसऱ्या एका कुटुंबाने अवंतिका एक्सप्रेसने मुंबईच्या चार खेपा केल्या. आणि आम्ही आईला देतो किती वेळ? ओ.पी.डी.त तीन मिनिटं. वैद्यबुवा तिला अर्धा तास बसवून घेतात, मुलाचं पोट हाताने चाचपतात, झोप कशी लागते विचारतात. मी आई असते तर मीही तिकडेच गेले असते.

पैशाचं काय बोलावं. बिघडलेल्या प्रथिनालाच वळण लावणाऱ्या नव्या गोळ्यांनी पाश्चात्त्य देशांत या आजाराचं रूप पालटलं. तीन औषधांची एकत्र गोळी ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिची तिथली किंमत वर्षाला 3 लाख डॉलरच्या वर. आपल्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात हा आजार आहे, मदतीची मर्यादा 50 लाख रुपये आहे. तेही एकदाच, आणि औषध जन्मभर घ्यायचं. भागाकार ज्याचा त्याने करावा. शिवाय त्या गोळ्या सगळ्याच जनुकदोषांवर चालत नाहीत, आणि पाश्चात्त्य रुग्णांत जो दोष सर्रास सापडतो तो आपल्याकडे त्यामानाने कमी. ज्या दुकानातला माल परवडत नाही, त्या दुकानदाराने समोरच्या टपरीला नावं ठेवावीत, तसं कधी कधी आमचं होतं.

म्हणून माझी मागणी अगदी लहान आहे, हसण्याइतकी. केसपेपरवर ॲलर्जीचा रकाना असतो, त्याच्याखाली आणखी एक रकाना हवा: घरी काय बंद केलं आहे? ‘दुसरं काही देता का’ असं विचारलं की आई मान हलवते आणि नाही म्हणते. मागे एकदा हो म्हटल्यावर काय ऐकावं लागलं, ते तिला आठवतं. ‘काय बंद केलंत’ विचारलं की ती अभिमानाने सांगते, कारण पथ्य पाळणं हे चांगल्या आईचं लक्षण. दूध बंद आहे, मीठ कमी आहे, तळलेलं मुळीच नाही. मग कुणी सांगितलं हे विचारलं की वैद्य, पुडी, खीर, खल, सगळं आपोआप ओघात येतं. मी हे गेली काही वर्षं करून पाहते आहे. पैसा लागत नाही. न रागावता ऐकावं लागतं, ते जड जातं.

आणि दुसरं, आयुष डॉक्टरांशी भांडण थांबवून त्यांना कामाला लावावं. बी.ए.एम.एस. आणि बी.एच.एम.एस. डॉक्टर आमच्या आधी मूल पाहतात, हे मोहल्ल्यात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांना एवढंच सांगायचं: पापा खारट, शी तेलकट, खोकला हटत नाही आणि वजन वाढत नाही, असं मूल दिसलं तर आधी घामाची तपासणी करवून घ्या, मग तुमचं काय ते द्या. त्यांच्यातले चांगले लोक हे आनंदाने करतील. दोन जण करतातही. त्यांनी पाठवलेल्या एका मुलीचं निदान दोन वर्षं लवकर झालं, आणि ते तिला कुठल्याच मोठ्या डॉक्टरकडून मिळालं नव्हतं.

पर्यायी म्हणून जे जे आहे ते सगळं मला नको आहे असं नाही. छाती थोपटायची माझी पद्धत, म्हणजे तळहाताची ओंजळ करून, मूल मांडीवर उताणं-पालथं घेऊन, बरगड्यांवर एका लयीत थापट्या, ही आज्यांना शिकवायला मला पाच मिनिटं लागतात, आयांना पाच दिवस. बाळाला ढेकर काढताना आणि झोपवताना तो हात तयार झालेला असतो. प्राणायामातला लांब उच्छ्वास, पळणं, पोहणं, अगदी आरतीच्या वेळी शंख फुंकणं, या सगळ्याने छाती हलते आणि कफ सुटायला मदत होते. फक्त ते नेब्युलायझरच्या खारट वाफेच्या जागी नको, तिच्या जोडीला हवं. शंख मात्र स्वतःचा, दुसऱ्याच्या तोंडचा नको.

रामबागेतल्या आजींना मी त्या दिवशी खल ठेवून द्या असं म्हटलं नाही. एक वाटीभर व्हिनेगर मागितलं, त्यात चार आख्खे दाणे टाकले, दुसऱ्या वाटीत तसंच व्हिनेगर आणि आजींच्याच पुडीची चिमूट. दाणे तसेच राहिले, पूड विरघळून गेली. “हे पोट,” मी म्हटलं. त्या बराच वेळ वाटीकडे पाहत राहिल्या. मग खल धुऊन उपडा घातला, काही बोलल्या नाहीत.

गेल्या पौषात ते सगळे मला सराफ्यात भेटले, रात्री साडेदहाला, गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईसमोर. मुलाने कॅप्सूल आख्खी गिळली, आजींच्या पिशवीतल्या बाटलीतून दोन घोट पाणी. कढईतून निघालेल्या तुकड्यांवर तेल अजून चुरचुरत होतं. आजींनी द्रोण हातात घेऊन पुन्हा पुढे केला आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, “भिया, जीरावन और डालो. और नमक भी, बच्चे के लिए है.”